घरात दुःखी माणूस एकच नाहीये, ताई

(जून २०२१. कोविडचे आणि लशीचे नियम, संप, परीक्षा हे सगळं तेव्हाचं. पत्र थोडक्यात देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून.)

"ताई, मी दापोली तालुक्यातली, आमचं गाव बंदराजवळ. मिस्टर बोटीवर खलाशी. मे महिन्याच्या सुरुवातीला घरात सगळे पॉझिटिव्ह झालो. सासूबाईंना कोविड सेंटरला नेलं त्या परत आल्याच नाहीत, तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून हे बोलत नाहीत, रात्रभर पडवीत बसून असतात, संध्याकाळ झाली की पितात. एकदा म्हणाले, मी पण आईच्या मागं जातो. मुंबईहून दीर आलेत, ज्या हॉटेलच्या किचनमध्ये होते ते बंद पडलं. सासरे आहेत. मुलगी यंदा नववीला गेली, मुलगा सहावीला, मोबाईल एकच. मी आणि सासूबाई सोळा वर्षं एकत्र म्हावरं विकायला जायचो, तो धंदा आता बंदच आहे. नळावर गेले की बायका हंडा उचलून बाजूला होतात अजून. जो येतो तो मला सांगतो तू खंबीर राहा, त्याला सांभाळ. नणंद म्हणते मुलीचं उरकून टाका, कोरोनात लग्न स्वस्तात होतात. मला पण चुलीपुढे कधीकधी रडू येतं पण ते जाऊ दे. ह्यांना यातून बाहेर कसं काढू तेवढं सांगा."

ताई, नमस्कार.

पत्र वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, सगळं नीट वाचता आलं. नवऱ्याबद्दल, मुलांबद्दल, दिरांबद्दल सगळं लिहिलंत, आणि स्वतःबद्दल एक वाक्य, त्यालाही शेवटी "ते जाऊ दे" जोडलंत. मी ते जाऊ देणार नाहीये. पण आधी एक घाईची गोष्ट आहे ती बोलून घेऊ.

"आईच्या मागं जातो" हे ते दारूत बोलले असले तरी खरं धरून चालायचं. गावाकडे आपण म्हणतो ना, बोलतो तो करत नाही, तसं अजिबात नसतं. आज किंवा उद्या, ते प्यायलेले नसताना, सकाळी चहाच्या वेळी वगैरे, सरळ विचारा की "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं होतं की कोणीतरी विचारलं बाबा. हो म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले तरी त्यांना एकटं ठेवायचं नाही. बागेत फवारायची औषधं, उंदराचं औषध, घरातल्या गोळ्यांची पाकिटं हे सगळं दुसऱ्याच्या घरी ठेवून द्या. रात्री पडवीत त्यांच्याजवळ दिरांनी झोपायचं, तुम्ही नाही, दिरांनी, कारण तुम्हाला झोप हवीय आणि त्यावर मी पुढे येतेच. सरकारची किरण म्हणून हेल्पलाईन आहे, गेल्या सप्टेंबरात सुरू झाली, १८००-५९९-००१९, चोवीस तास चालू, पैसे पडत नाहीत. १३ भाषांत बोलतात, मराठी आहे त्यात. (हा २०२१ चा नंबर; आता सरकारची हेल्पलाईन टेली-मानस, १४४१६.) तो नंबर दिरांच्या आणि मुलीच्या, दोघांच्याही लक्षात असू दे. आणि डॉक्टरकडे ह्याच आठवड्यात जायचं, पुढच्या नाही.

आता त्यांचं नेमकं काय चाललंय ते. आई गेली आणि तोंड बघितलं नाही, खांदा दिला नाही, पाणी पाजलं नाही. माणूस गेलाय हे डोक्याला कळतं पण मन ते मानत नाही, कारण आपल्याकडे जे जे करून मन मानतं त्यातलं काहीच झालं नाही. आणि हे एकटं नाही आलं त्यांच्यावर. गेल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडचं काय करून ठेवलं ते तुम्हाला मी काय सांगू, त्यातनं घरं उभी करतोय तोवर यंदा मे महिन्याच्या मध्याला तौक्ते, मधल्या काळात लॉकडाऊन, मासळीला गिऱ्हाईक नाही, आणि आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे हाताला कामही नाही. एवढं सगळं एकावर एक आल्यावर माणूस गप्प होतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप नाही, जेवणात लक्ष नाही, आवडायचं ते आवडेनासं झालं, किंवा सारखी चिडचिड आणि दारू वाढली, तर ते नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये बऱ्याचदा रडू दिसत नाही, राग आणि बाटली दिसते. त्यात भर म्हणून कोविड होऊन गेल्यावर कित्येकांना आठवडेच्या आठवडे थकवा राहतो, झोप लागत नाही, काही सुचत नाही, तेव्हा त्यांना आळशी म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आईचा निरोप राहिलाय तो अजून घेता येईल. दिवसकार्य कसंतरी उरकलं असेल तर आता घरातल्या घरात पुन्हा एकदा बसा, फोटो ठेवा, त्यांना आवडायचं ते रांधा आणि प्रत्येकानं त्यांच्याबद्दल काहीतरी बोला, मुलांनीसुद्धा, सासऱ्यांनीसुद्धा. नवरा काही बोलला नाही तर नाही, बसू दे नुसतं. आणि ह्यात तुम्ही पाहुण्यांना वाढणारी बाई व्हायचं नाही. तुम्हीही बसायचं.

कारण सासूबाई तुमच्याही होत्या ना? सोळा वर्षं एका टोपलीवर धंदा केलात दोघींनी, पहाटे बंदरावर लिलावाला उभं राहायचं, बर्फ फोडायचा, टेम्पोत जागा धरायची, उधारी लक्षात ठेवायची, हे सगळं तुम्ही त्यांच्याबरोबर केलंत. नवऱ्याची आई गेली, तुमचा तर दिवसाचा अर्धा भाग गेला. आणि मला एक सांगा, घरात आल्यागेलेल्यांपैकी एकानं तरी तुम्हाला विचारलं का, की बाई तुझी आई गेल्यासारखंच झालं, तू कशी आहेस? पत्रावरून तरी नाही विचारलं. सगळे येऊन त्याला सांभाळ एवढंच सांगून गेले. मला राग येतो तो ह्याचा. साथीनं सगळ्यांनाच धरलं, ताप तुम्हालाही आला, स्वतः पॉझिटिव्ह असताना घरातल्या सगळ्यांचं रांधत कोण होतं हे तुम्ही लिहिलं नाहीयेत पण मला माहितीये, कारण गेल्या वर्षभरात मला आलेल्या कितीतरी पत्रांत तेच आहे. नवऱ्याला ताप आला की त्याला खोली मिळते आणि बायकोला ताप आला की तिला क्रोसिन मिळते आणि ती परत ओट्याशी. केंद्र सरकारनंच २०१९ मध्ये एक पाहणी केली होती, लोकांचा दिवसाचा वेळ कुठं जातो त्याची, त्यात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांची त्या कामात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष करतात त्यांची ९७. हे कोरोनाच्या आधीचं. नंतर सगळे घरी बसले, शाळा घरी आली, आजारी माणूस घरी आला, म्हणजे ती मिनिटं कुणाच्या वाट्याला वाढली असतील ते सांगायलाच नको.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे, की नवऱ्याला बरं करायचं काम तुमच्या एकटीच्या अंगावर ठेवून ते बरे होणार नाहीत, कारण तुम्ही त्याआधी पडाल. ज्या घरात एकाच्या दुःखाला जागा द्यायला दुसऱ्यानं आपलं गिळायचं असा नियम असतो तिथे थोड्या दिवसांनी दोन माणसं आजारी होतात. चुलीपुढे रडू येतं म्हणालात. किती दिवस येतंय, झोप लागते का, जेवता का, छातीत धडधडतं का, हे डॉक्टरला तुम्हीही सांगायचं आहे.

आता घराचं बोलू. घरात दोन धडधाकट पुरुष आहेत आणि तिसरे सासरे. दिरांचं मला वाईट वाटतं, मुंबईत हॉटेलच्या किचनमध्ये राबलेला माणूस एकदम गावात येऊन बसतो, वर चाकरमानी आला म्हणून लोक त्याच्याकडे रोगाचं पार्सल असल्यासारखं बघतात, त्याचंही मन ठिकाणावर नसणार. पण त्यांना स्वयंपाक येतो! हॉटेलात केलाय त्यांनी! मग रात्रीचं जेवण दिरांकडे. आजपासून. त्यांनाही हातात काम आल्यावर बरं वाटेल, मी हे नुसतं बोलायला बोलत नाहीये, हाताला काम मिळणं हा मनाच्या उपचाराचा खरोखरचा भाग आहे. सकाळी नळावरचं पाणी मुलगा आणि दीर मिळून आणतील. सासरे तांदूळ निवडू शकतात, नातवाचा अभ्यास घेऊ शकतात, मुलाजवळ बसले तरी पुरे. हे तुम्ही भांडून सांगू नका आणि विनवणी करूनही नको, जेवायला सगळे बसलेले असताना सांगा की मला आजारपणानंतर एवढं झेपत नाही, डॉक्टरनी विश्रांती सांगितलीय. डॉक्टरनी नसेल सांगितली तर ह्या आठवड्यात सांगतीलच. सासरे किंवा नणंद म्हणतील पुरुषांनी चुलीशी बसायचं का, तर म्हणावं मुंबईत बसतच होते, तिथं पगार मिळत होता एवढंच.

नवऱ्यासाठी काम आहेच. बंदीच्या दिवसांत जाळी शिवायची असतात, त्यांच्या बोटीवरच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, किंवा जवळच्या एखाद्या खलाशाला निरोप द्या की ह्यांना सकाळी घेऊन जा, घरी येऊन घेऊन जा, नुसतं ये म्हणू नको. पहिले दोनतीन दिवस नाही म्हणतील, तरी यायचं त्यानं. तिथं कोणी उपदेश करायचा नाही. माझा अनुभव असा आहे की पुरुष माणूस समोरासमोर बसवून "बोल काय होतंय" म्हटलं की तोंड मिटतो आणि तेच शेजारी बसून, मान खाली, हातात सुई आणि जाळं असलं की तासाभरानं स्वतःहून एक वाक्य बोलतो. ते एक वाक्य आलं तरी पुष्कळ झालं. रात्रीची झोप नसल्यानं ते दुपारी पडून राहत असतील तर तेवढं टाळायचं, सकाळी उजेडात बाहेर पडणं आणि ठरल्या वेळी जेवण ह्यानं झोपेची घडी हळूहळू बसते.

दारूचं मात्र एक नीट ऐका. रोज भरपूर पीत असतील तर एकदम बंद करा म्हणून शपथा घालू नका, बाटल्या फोडू नका. सवय झालेल्या शरीराची दारू अचानक तुटली तर हातपाय थरथरतात, कधी फिट येते, भ्रम होतो, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधावर सोडवायची.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाहीयेत पण मी विचारतेच, ते हात उचलतात का? गेल्या वर्षी एप्रिलमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांना जगभरच्या सरकारांना सांगावं लागलं होतं की लॉकडाऊनमध्ये घरातल्या घरात बायकांना होणारी मारहाण वाढलीय, बघा काहीतरी. त्यामुळे विचारायला मला संकोच नाही आणि सांगायला तुम्हालाही नसावा. आई गेली, दारू प्यायलीय, डिप्रेशन आहे, ह्यातल्या कशानंही मार खाऊन घ्यायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तसं काही असेल तर १८१ हा महिलांसाठीचा नंबर, जीवावर आलं तर ११२. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात तुम्हाला त्या घरात राहायचा हक्क आहे, घराबाहेर काढता येत नाही. नसेल तसं काही तर उत्तमच, हा परिच्छेद दुसऱ्या कुणीतरी वाचेल.

मुलीवर येऊ. नणंदबाईंना स्पष्ट सांगा की नाही. पोरगी नववीत आहे, १८ च्या आत लग्न लावणं गुन्हा आहे, लावणारे, ठरवणारे, हजर राहणारे सगळे अडकतात. एप्रिलमध्ये नियम आला होता की लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, तेव्हापासून हे "स्वस्तात उरकू" गावोगाव सुरू झालंय आणि त्यात पोरींची आयुष्यं उरकली जातायत. कुणी घाई केलीच तर १०९८ ला फोन. मुलीला तो नंबर पाठ असू दे. आणि तिला हेही सांगा की तुझं लग्न आम्ही ठरवत नाही आहोत, कारण पोरींच्या कानावर असल्या गोष्टी जातात आणि त्या रात्र रात्र जागतात, कुणाला न सांगता.

मोबाईलचं तर अगदी सोपं आहे. तुम्ही लिहिलं नाहीयेत तरी अंदाज सांगते, मोबाईल मुलाकडे असतो आणि मुलगी भांडी घासून झाल्यावर मागते तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं. यंदा दहावीची परीक्षा रद्द झाली, तर निकालात ५० मार्क नववीचे धरायचं ठरलंय, म्हणजे शंभरातले निम्मे. पुढच्या वर्षी काय होईल ते होईल, पण नववीला आता हलकं धरून चालणार नाही. तेव्हा तिचे तास असतील तेव्हा फोन तिचा, आणि त्या वेळात तिला पाण्याला, दुकानात, धाकट्याला बघायला उठवायचं नाही. रेंज येत नसेल तर जिथं येते तिथं तिला बसायला जागा करून द्या, कुणीतरी सोबत. कणकवली तालुक्यात एक मुलगी गेल्या वर्षी नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत होती, तिच्या भावांनी बांधून दिली होती ती झोपडी, पेपरात आलं होतं. सगळ्यांनी तिच्या जिद्दीचं कौतुक केलं, मला त्या भावांचं जास्त वाटलं.

वाडीचं. नळावर बायका हंडा उचलतात हे वाचून मला फार लागलं. लक्षणं सुरू झाल्याला १० दिवस झाले आणि शेवटचे ३ दिवस ताप नसला की घरी बऱ्या झालेल्या माणसाकडून लागण होत नाही असं धरतात, तुम्हाला तर महिना उलटून गेला. हे तुम्ही एकेका बाईला समजावत बसू नका, तेवढी ताकद नाहीये आत्ता. कोविडसाठी गावात नेमलेल्या ग्राम कृती दलाच्या लोकांनी हे सांगायचं काम आहे, सरपंच आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर ह्यांनी एकदा नळावर उभं राहून चारचौघात बोलायचं, त्यांच्याकडे तसं मागा. आशाताईंना, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्त्यांना, मी मुद्दाम मध्ये घालत नाहीये, त्या बिचाऱ्या १५ जूनपासून संपावर आहेत आणि त्यांचं बरोबर आहे, वर्षभर घरोघर फिरून ऑक्सिजन मोजला त्यांनी आणि हातात काय पडतं ते सगळ्यांना माहितीये. आणि नुसती भीती न राहता गावकीनं बैठक घेऊन ह्या घराशी बोलायचं नाही असं ठरवलं, तर मग तो सामाजिक बहिष्कार झाला, त्यासाठी महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकायच्या प्रकारांनी जे भोगलंय लोकांनी त्यातूनच तो कायदा पुढे आला. तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये, पण हक्क आहे हे मनात असलं की नळावर मान वर करून उभं राहता येतं. आणि एक तरी बाई असेल ना तुमच्याशी बोलणारी? धंद्यातली, माहेरची, कुणीही? तिला रोज फोन करा. नवऱ्याबद्दल बोलायला नाही, तुमच्याबद्दल बोलायला.

लशीचं पटकन सांगते. २१ जूनपासून १८ वर्षांवरच्या सगळ्यांना सरकारी केंद्रात फुकट आहे, पण कोविड होऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर ३ महिने थांबायचं, म्हणजे तुमच्या घरचा नंबर ऑगस्टच्या पुढे. तेव्हा आधी पुरुषांना टोचून आणू आणि बायकांचं बघू नंतर असं करू नका. पाळीच्या आधी-नंतर पाच दिवस लस घेऊ नये असा मेसेज फिरत होता तो खोटा आहे.

आता डॉक्टर. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, तिथे सरळ सांगायचं की मनाचा त्रास आहे, झोप नाही, मरायचं बोलतात, दारू आहे. तिथून पुढे पाठवतील, गरज पडली तर रत्नागिरीला. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला ओपीडी आहे, माणसं दाखवून औषध घेऊन त्याच दिवशी घरी येतात, तिथं गेलं म्हणजे कोंडून ठेवतात हा समज सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केलाय, गरीब-श्रीमंत, बाई-पुरुष असा भेद न करता. गोळ्या दिल्या तर दोन ते चार आठवडे जातात गुण यायला, त्यामुळे आठ दिवसांत काही फरक नाही म्हणून बंद करायच्या नाहीत आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. अंगात आलंय, बाहेरचं आहे म्हणून कुणी देवऋष्याकडे न्या म्हणेल, नवस-अंगारा ज्याला करायचा त्यानं करावा पण गोळी चुकता कामा नये.

जाताना दिरांना बरोबर घ्या, नवऱ्याजवळ ते बसतील. कोविड सेंटरचे कागद, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि आधार कार्ड न्या. आणि खिडकीवर केसपेपर एक नाही, दोन काढा, एक त्यांच्या नावाचा आणि एक तुमच्या. तुम्ही आत जाल तेव्हा नवऱ्याला बाहेर बसवा आणि चुलीपुढचं रडू पहिल्यापासून सांगा.